सिद्धवस्तूची घडण : शास्त्र, मोल आणि घरचा नियम

लोककथांच्या अभ्यासकांना सिद्धवस्तू अपरिचित नाहीत. आकाशमार्गाने नेणाऱ्या पादुका, कधी न सरणारे अन्नपात्र, दृष्टीआड करणारे अंजन, शत्रूवर आपण होऊन चालणारे खड्ग अशा वस्तूंनी आपले कथावाङ्मय भरलेले आहे. तथापि या कथा वस्तूच्या प्राप्तीविषयी जितक्या बोलक्या आहेत, तितक्याच तिच्या घडणीविषयी मुक्या आहेत. वस्तू कोणी केली, कोणत्या द्रव्यांपासून केली, किती काळ लागला आणि करणाऱ्याला तिचे मोल कशाने चुकवावे लागले, हे प्रश्न कथाकार सहसा विचारीत नाही. ते विचारले जातात ते दोन ठिकाणी : मध्ययुगीन रसतंत्रांत आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जन्मलेल्या भूमिकाखेळांत. या दोहोंमध्ये ऐतिहासिक संबंध नाही. परंतु घडणीचा नियम लिहू जाताच जी अडचण उभी राहते, ती दोन्हीकडे एकच आहे. नियम अपुरा पडतो, आणि तो पुरा करण्याचे काम घराकडे येते. या घरच्या नियमाचे स्वरूप व अधिकार तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम कथेचे मौन पाहू गेल्यास त्याचे उत्तम उदाहरण कथासरित्सागरात मिळते. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात रचलेल्या या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याच्या बृहत्कथेत सांगितले जाते, आणि गुणाढ्याची कथा प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजसभेशी निगडित आहे. त्यातील पुत्रकाला विंध्याच्या अरण्यात मयासुराचे दोन मुलगे झुंजताना भेटतात. वाद असतो बापाच्या ठेव्याचा : एक पात्र, एक यष्टी आणि पादुकांचा एक जोड. पात्रात इच्छिलेले अन्न प्रकट होते, यष्टीने लिहिलेले खरे होते, पादुका घालणारा आकाशात संचार करतो. पुत्रक त्या दोघांना धावण्याची शर्यत लावतो, आणि ते दूर जाताच तिन्ही वस्तू घेऊन उडून जातो. पुढे त्याच यष्टीने तो पाटलिपुत्र नगर निर्माण करतो. मय हा असुरांचा शिल्पी म्हणून प्रसिद्ध आहे. तरीही त्याच्या घरातील या वस्तू कशा घडल्या याविषयी एक अक्षरही येत नाही. वस्तू वारसाने येते, कपटाने जाते, आणि नव्या धन्याला तिच्यासाठी काहीच द्यावे लागत नाही.

याच्या अगदी उलट वळणाची एक परंपरा गोंदिया जिल्ह्यात आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून माघी पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. तेथे सांगितल्या जाणाऱ्या पुराकथेनुसार गुहेत कोंडलेल्या मुलांच्या सुटकेसाठी पारी कुपार लिंगो आला. हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी वाजविली, त्या सुरांनी मुलांच्या अंगी बळ संचारले, आणि त्यांनी गुहेच्या तोंडावरील शिळा लोटून दिली. परंतु त्याच शिळेखाली वादकाचा अंत झाला. ही जिवंत श्रद्धेची कथा आहे, आणि तिला करमणुकीच्या पंक्तीस बसविणे योग्य होणार नाही. येथे तिचा उल्लेख एवढ्याचसाठी की, असामान्य सामर्थ्य जागविणाऱ्याला त्याचे मोल स्वतःच्या प्राणाने द्यावे लागते, ही कल्पना या भूमीत रुजलेली आहे. मयाच्या मुलांच्या कथेत मोल नाही. कचारगडच्या कथेत ते पूर्ण चुकविले जाते. घडणीचे सर्व नियम या दोन टोकांच्या मध्ये कोठे तरी उभे असतात.

कथेकडून शास्त्राकडे वळताना गोंदियाच्या पश्चिमेस रामटेक आणि पूर्वेस प्राचीन दक्षिण कोसल यांचा विचार आवश्यक ठरतो. रामटेकच्या परिसरातील एका टेकडीशी लोकपरंपरेने नागार्जुनाचे नाव जोडले आहे. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याने नागार्जुनाची कथा कोसल देशाच्या वर्णनात दिली आहे. सातवाहन राजाने डोंगर कोरून विहार बांधण्यास घेतला, पण मध्येच कोश रिता झाला. तेव्हा नागार्जुनाने आपल्या औषधीचे थेंब शिंपडून पाषाणांचे सोने केले, असे तो सांगतो. याच प्रकरणातील दुसरी कथा अधिक गंभीर आहे. नागार्जुनाच्या रसायनामुळे राजाचे आयुष्य वाढत गेले आणि युवराजाला सिंहासन मिळेना. अखेर युवराजाने नागार्जुनाकडे त्याच्या मस्तकाचे दान मागितले. नागार्जुनाने गवताच्या शुष्क पात्याने आपली मान कापून दिली, आणि त्यामागून राजाचाही अंत झाला. करणारा आणि भोगणारा यांची आयुष्ये येथे एकाच धाग्यात ओवलेली आहेत. आख्यायिकेतील नागार्जुन, माध्यमिक तत्त्वज्ञ नागार्जुन आणि रसतंत्रकार नागार्जुन हे एकच नव्हेत हे उघड आहे. परंतु परंपरेने त्यांना एक मानले, हीही इतिहासातील वस्तुस्थितीच होय.

रसतंत्रांनी घडणीचा नियम प्रथमच तपशिलाने लिहिला. पाऱ्यावर करावयाचे अठरा संस्कार त्यांनी क्रमाने सांगितले. स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन, पातन, रोधन, नियमन आणि दीपन हे पहिले आठ औषधाच्या कामी पुरेसे मानले गेले. पुढील जारण, रंजन, सारण, क्रामण, वेध इत्यादी संस्कार सिद्धीसाठी. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या रसरत्नसमुच्चयात रसशाळा कशी असावी, तेथे कोणती उपकरणे असावीत, शिष्य कोणत्या गुणांचा असावा, याचेही नियम आहेत. रसार्णवात सिद्ध रसाची परीक्षा आधी धातूवर करावी आणि मग देहावर, असा क्रम सांगितला आहे. लोहवेध हे साधन आणि देहवेध हे साध्य. द्रव्य, काळ, अधिकार आणि परीक्षा ही घडणीच्या नियमाची चारही अंगे येथे आढळतात.

इतके असूनही नियम पुरा होत नव्हता. तंत्रकारांची भाषा मुद्दाम आडपडद्याची असे, आणि गुरूच्या मुखावाचून ग्रंथ उलगडत नसे. याची साक्ष अल्बेरूणीने सुमारे इ.स. १०३० च्या आपल्या ग्रंथात दिली आहे. रसायनविद्येवर त्याचा विश्वास नव्हता आणि तिची त्याने थट्टाच केली. परंतु उज्जयिनीच्या व्याडीची जी कथा त्याने नोंदविली, ती भाषाभ्यासकाने विसरू नये अशी आहे. व्याडीने सारी संपत्ती प्रयोगांत घालविली आणि निराश होऊन पोथीची पाने एकेक करून नदीत सोडून दिली. खालच्या अंगाला बसलेल्या एका गणिकेने ती वेचली आणि पुढील प्रयोगांसाठी त्याला द्रव्य पुरविले. त्या पाठात ‘रक्तामल’ असा एक शब्द होता. व्याडीने त्याचा अर्थ तांबडा आवळा असा घेतला होता, आणि म्हणून औषधी निष्फळ होत होती. अभिप्रेत होते ते तेल व मनुष्याचे रक्त. पुढे एकदा तेल माखलेल्या त्याच्या डोक्याला छताची खुंटी लागली आणि रक्तमिश्रित तेलाचे थेंब नकळत कढईत पडले. ती औषधी अंगास लावताच व्याडी व त्याची पत्नी आकाशात उडाली. त्या शब्दात हा दुसरा अर्थ व्याकरणाने बसतो की नाही, हा प्रश्न वेगळा. कथेचे मर्म असे की, लिखित नियमात जी जागा संदिग्ध राहिली होती, ती कोशाने भरून निघाली नाही. करणाऱ्याच्या देहाने भरून निघाली.

आता भूमिकाखेळाकडे येऊ. या खेळात चारसहा जण एका मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. इतर प्रत्येकजण एक कल्पित पात्र चालवितो. पात्राच्या अंगचे गुण अंकांनी मांडलेले असतात आणि संशयित प्रसंगांचा निकाल फाशांनी लागतो. या प्रकारचा पहिला छापील खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्याची पाळेमुळे युद्धखेळांत होती. प्रशियात राइसवित्झने १८२४ मध्ये सैन्याच्या शिक्षणासाठी नियमबद्ध युद्धखेळ रचला होता. परंतु नियमांचा भार इतका वाढला की, १८७६ मध्ये फर्डी द्यु व्हेर्नुआ याने बहुतेक कोष्टके बाजूला सारून निर्णय अनुभवी पंचावर सोपवावा असा पक्ष मांडला. लिखित नियम की पंचाचा विवेक, हा वाद अशा रीतीने भूमिकाखेळाला जन्मापूर्वीच वारशाने मिळाला होता.

१९७४ च्या पुस्तिकेत सिद्धवस्तू घडविण्याचा नियम एका लहानशा परिच्छेदात उरकलेला आहे. मांत्रिकाने वरची पायरी गाठली की तो वस्तू घडवू शकतो. मोल वस्तूच्या योग्यतेनुसार, आणि काळही तसाच. उदाहरणे दिली आहेत ती अशी : मंत्रपटास मंत्राच्या प्रत्येक पायरीमागे १०० सुवर्णमुद्रा व एक आठवडा, म्हणजे पाचव्या पायरीच्या मंत्रास ५०० मुद्रा व ५ आठवडे, जखम भरणाऱ्या पेयास २५० मुद्रा व १ आठवडा, चिलखतास पहिल्या प्रतीचे सामर्थ्य देण्यास २,००० मुद्रा व २ महिने, भिंतीपलीकडचे दाखविणाऱ्या अंगठीस ५०,००० मुद्रा व १ वर्ष. द्रव्ये कोणती, कृती कोणती, चूक झाल्यास काय, याविषयी काहीही नाही. मोल आणि काळ ही दोन अंगे सांगून उरलेली दोन सूत्रधारावर सोडलेली आहेत. त्याच पुस्तिकांच्या समारोपात खेळणाऱ्यांनी आपल्याला रुचेल तसा खेळ स्वतःच घडवावा, असे सुचविलेले आहे. घरच्या नियमाला याहून स्पष्ट अनुज्ञा मिळणे कठीण.

पुढील पन्नास वर्षांचा इतिहास हा या अनुज्ञेच्या संकोच-विस्ताराचा इतिहास आहे. १९७८ च्या खेळाडूंच्या ग्रंथात मंत्रप्रभाव चिरस्थायी करणारा जो मंत्र आहे, तो प्रयोग करणाऱ्याच्या देहशक्तीतील एक गुण हिरावून घेतो. १९७९ च्या सूत्रधाराच्या ग्रंथात गायगॅक्सने द्रव्यांचा मासलाही दिला. शिळा होण्यापासून रक्षण करणाऱ्या मंत्रपटाच्या शाईत महाकाय माखळीची शाई, बॅसिलिस्क या कल्पित सर्पाचा डोळा, मेडूसाच्या केसांतील सर्पांचे विष आणि भोपळ्याच्या सहा बिया लागतात. रसशाळेशी परिचित असलेल्या वाचकास ही यादी परकी वाटणार नाही. परंतु याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने सर्व ठिकाणच्या खेळात एकरूपता असावी असाही आग्रह धरला. पाच वर्षांपूर्वी ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणारा ग्रंथकार आता शास्त्रकार झाला होता.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने नियम जवळजवळ गणिती केला. वस्तूच्या बाजारभावाच्या निम्मे द्रव्य, भावाच्या पंचविसाव्या हिश्शाइतके अनुभवगुण आणि दर हजार मुद्रांमागे एक दिवस. पहिल्या प्रतीच्या खड्गाच्या सिद्धीचा भाव २,००० मुद्रा धरला तर १,००० मुद्रांचे साहित्य, ८० अनुभवगुण आणि २ दिवस. अनुभवगुण म्हणजे पात्राने संकटांतून मिळविलेली वाढ. तेव्हा करणारा अजूनही आपल्या आयुष्यातील काही भाग वस्तूत ओतीत होता. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत अनुभवाचे मोल गेले आणि केवळ द्रव्य राहिले. २०१४ च्या ग्रंथात दुर्मिळ वस्तूस ५,००० आणि अतिविख्यात वस्तूस ५,००,००० मुद्रा सांगून दिवसाला २५ मुद्रांइतकेच काम होते असे ठरविले. हिशेब केल्यास दुर्मिळ वस्तूस २०० दिवस, तर अतिविख्यात वस्तूस २०,००० दिवस, म्हणजे सुमारे ५५ वर्षे लागतात. अनेकांनी मिळून काम करण्यास मुभा होती. पण एकट्या माणसासाठी हा नियम घडण शक्य आहे असे म्हणत ती अशक्य करीत होता. २०१७ च्या पुरवणीग्रंथाने हा काळ ५० आठवड्यांवर आणि मोल १,००,००० मुद्रांवर आणले, आणि त्याबरोबर कोणत्या तरी प्रबळ प्राण्याशी गाठ घालून मिळवावयाचे दुर्लभ द्रव्य आवश्यक केले. हे द्रव्य शोधण्याचा दंडक कित्येक मेजांवर घरचा नियम म्हणून रूढच होता. छापील शास्त्राने येथे आचारालाच मान्यता दिली.

घरच्या नियमांचे वर्गीकरण करू जाता ते तीन प्रकारचे आढळतात. पहिला पूरक : शास्त्र मूक असेल तेथे घर बोलते. उदाहरणार्थ, वस्तू ज्या प्राण्याच्या गुणाची, त्याचेच अवयव तिच्या घडणीस लागतील, किंवा घडण फसल्यास वस्तूला एखादा दोष चिकटेल, असे नियम. दुसरा अर्थनिर्णायक : शब्द आहे पण अर्थ द्विधा आहे. ‘एक दिवसाचे काम’ म्हणजे अखंड दिवस की प्रवासातील फावल्या घटका, यावर मेजामेजांत मतभेद होतात. व्याडीचा ‘रक्तामल’ या वर्गातला. तिसरा बाधक : शास्त्र स्पष्ट असूनही घर त्याला बाजूला सारते. अनुभवगुणांचे मोल काही घरांनी छापील ग्रंथात असताना नाकारले, तर काहींनी ग्रंथातून ते गेल्यावरही चालू ठेवले.

यांपैकी तिसऱ्या प्रकाराचा अधिकार कोणता, हा खरा वादाचा प्रश्न आहे, आणि येथे आपल्या दोन शास्त्रांची उत्तरे भिन्न पडतात. धर्मशास्त्रात श्रुती, स्मृती आणि सदाचार अशी उतरती प्रमाणे आहेत. देशाचार व कुलाचार मान्य आहेत, पण तत्त्वतः शास्त्राशी विरोध नसेल तेथपर्यंतच. व्याकरणात याच्या उलट आहे. सामान्य नियम हा उत्सर्ग आणि विशेष नियम हा अपवाद. दोघांचा संघर्ष झाल्यास अपवाद बलवान. विशेषाला वाव मिळावा यासाठी सामान्याने मागे सरावयाचे. १९७९ चा गायगॅक्स धर्मशास्त्राच्या पक्षाचा होता. १९७४ चा गायगॅक्स व्याकरणाच्या. मेजाभोवती बसलेले लोक बहुधा व्याकरणाचाच पक्ष घेतात, कारण त्यांच्यापुढे सामान्य खेळ कधीच नसतो. त्यांचा खेळ, त्यांची पात्रे, त्यांची ती एक तलवार असते.

भाषेच्या क्षेत्रातही हा प्रश्न जुनाच आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीबोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चे ‘डोरा’ होते. ग्रंथिक मराठीच्या कसोटीवर या उच्चारांना अशुद्ध म्हणण्याची एके काळी रीत होती. आज भाषाभ्यासक त्यांच्याकडे ग्रंथिक भाषेचा बिघाड म्हणून पाहत नाही. ती स्वतःच्या नियमांनी चालणारी व्यवस्था आहे असे मानतो. घरच्या नियमांकडेही याच दृष्टीने पाहणे युक्त ठरेल. एका मेजावरचा नियम एका ठिकाणी बदलला की त्याचे पडसाद इतरत्र उमटतात. घडण स्वस्त केली तर सापडलेल्या वस्तूचे मोल घसरते. महाग केली तर मांत्रिक घडविण्याच्या भानगडीत पडत नाही आणि वस्तू पुन्हा मयाच्या ठेव्यासारखी केवळ सापडण्याची गोष्ट होते. बदल एकाकी नसतो. त्याला व्यवस्था असते.

या वादात व्यवहाराचा प्रश्नही गुंतलेला आहे. २००० साली प्रकाशकांनी एका खुल्या परवान्याखाली मूलभूत नियम इतरांना वापरू दिले, आणि अनेक घरांचे नियम छापील ग्रंथ होऊन बाजारात आले. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना बदलण्याचा बेत उघड होताच खेळणाऱ्यांनी व लहान प्रकाशकांनी तीव्र विरोध केला. त्याच महिन्यात प्रकाशकांनी माघार घेतली आणि नियमांचा मूलभूत पाठ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सर्वांस खुला केला. ज्या शास्त्राची वाढ आचारांनी केली, त्या शास्त्राचा धनी कोण, हा प्रश्न येथे कायद्याच्या भाषेत विचारला गेला. तोपर्यंत तो केवळ मेजावरचा होता.

वरील विवेचनावरून एक गोष्ट लक्षात येते. घडणीच्या नियमाच्या चार अंगांपैकी द्रव्य, काळ आणि अधिकार ही शास्त्र लिहू शकते. त्यांची कोष्टके करता येतात. मोलाचे तसे नाही. छापील ग्रंथांत ते देहशक्तीवरून अनुभवावर आणि अनुभवावरून नाण्यांवर उतरत गेले; आणि जेव्हा ते केवळ नाण्यांचे झाले, तेव्हा घडण म्हणजे सावकाश केलेली खरेदी झाली. अनेक घरांनी नेमक्या याच ठिकाणी हस्तक्षेप केला. करणाऱ्याने एखादी आठवण गमवावी, एखादे वचन बांधून घ्यावे, प्रिय वस्तू मोडून तिचा धातू वापरावा, अशा स्वरूपाचे नियम मेजावर येतात ते खेळ कठीण व्हावा म्हणून नव्हे. करणारा आणि केलेली वस्तू यांच्यात नाते राहावे, ही त्यामागची भूमिका दिसते. नागार्जुनाच्या मानेचा, व्याडीच्या रक्ताचा आणि कचारगडच्या शिळेखालील वादकाचा अनुभव या नियमकर्त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही मोल देहाच्या व आयुष्याच्या जवळ आणण्याची ओढ त्यांच्यातही आहे.

हे नियम बहुधा वहीच्या पानांवर राहतात आणि मंडळ मोडले की नाहीसे होतात. रसशाळांतील गुरुमुखातून आलेले संकेत असेच नाहीसे झाले, आणि आज त्या ग्रंथांतील कित्येक शब्द टीकाकारांच्या तर्कांवर विसंबून लावावे लागतात. जे मंडळ आज खेळते आहे, त्याचे नियम त्याच्या हयातीत, कारणांसह टिपून ठेवले, तर शास्त्र आणि आचार यांचा परस्परसंबंध घडत असतानाच पाहण्याची संधी अभ्यासकास मिळेल. बोलींच्या संकलनासाठी जी पद्धती वापरली जाते, तीच या कामास पुरेशी आहे : नियम कोणता, तो कोण पाळतो, कोणत्या प्रसंगी तो मोडला, आणि मोडताना कोणते कारण दिले गेले.